आत्म्याला ऊर्जेचा दाखला कशाला?

आमच्या सुकापुरात कुणाचं दहावं-तेरावं असो की सप्ताहातलं प्रवचन, एक युक्तिवाद हटकून कानावर पडतो. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हे खुद्द विज्ञानानेच सिद्ध केलं आहे. मग आत्मा अमर आहे हे वेगळं सिद्ध करायची गरजच काय? पाठोपाठ आईन्स्टाईनचं नाव येतं, त्याचं ते सुप्रसिद्ध समीकरण येतं आणि गीतेचा दुसरा अध्याय येतो. माना डोलतात. मग कुणीतरी माझ्याकडे वळून विचारतं, "काय मॅडम, बरोबर ना?" कारण पनवेल तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी नोकरीभर फिजिक्स शिकवलं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

माझं उत्तर आहे: नाही. मी माळकरी घरातली लेक. ज्ञानेश्वरी आमच्या देव्हाऱ्यात आहे आणि रोजच्या वाचनातही आहे. त्यामुळे हे 'नाही' मी श्रद्धेच्या बाजूला उभी राहून म्हणते. आत्म्याला ऊर्जेच्या नियमाचा दाखला जोडला की फिजिक्सचं नुकसान होतंच, पण त्याहून मोठं नुकसान अध्यात्माचं होतं. ते कसं, हे नीट सांगायला हवं, कारण प्रश्न शेवटी आपल्या गेलेल्या माणसांचा आहे.

आधी तो नियम काय म्हणतो ते पाहू. ऊर्जा म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, अंगातून वाहणारा कुठला तरी सूक्ष्म पदार्थ, असा समज सगळीकडे पसरला आहे. फिजिक्समध्ये ऊर्जा ही एक मोजता येणारी राशी आहे. वस्तू किती वेगात आहे, किती उंचीवर आहे, किती तापली आहे, तिच्यातले अणू एकमेकांशी कसे बांधले गेले आहेत, यावरून एक आकडा काढता येतो. सगळीकडून बंद असलेल्या व्यवस्थेत काहीही घडलं तरी या आकड्यांची बेरीज बदलत नाही, एवढंच नियम सांगतो. सोसायटीचा वर्षअखेरचा ताळेबंद जुळतो तेव्हा पैसा कुठे गळला नाही हे कळतं. त्या पैशातून काय उभं राहिलं आणि काय मोडलं, हे त्या शेवटच्या बेरजेत दिसत नाही. ऊर्जेचा नियम तसा आहे. तो एकूण रक्कम राखतो, घडण राखत नाही.

शिवाय हा आकडा कोण मोजतो यावरही अवलंबून असतो. पनवेलहून सुटलेल्या लोकलमध्ये साठ किलो वजनाचा एक प्रवासी बसला आहे आणि गाडी ताशी 72 किलोमीटर वेगाने चालली आहे, असं धरा. समोरच्या बाकावरच्या माणसाच्या दृष्टीने त्याची गतिज ऊर्जा शून्य आहे. रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती 12,000 जूल आहे. दोघांचंही बरोबर आहे. ऊर्जा ही अशी सापेक्ष गोष्ट आहे.

आता गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला आत्मा आठवा. तो अखंड आहे, त्याला विकार नाही, तो वाढत नाही की घटत नाही, तो वाटला जात नाही, तो कुणाच्या मोजमापावर अवलंबून नाही. ऊर्जेचे गुणधर्म याच्या नेमके उलटे आहेत. ती क्षणोक्षणी रूप बदलते, तिचे हवे तितके वाटे होतात, ती एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत जाते आणि तिची किंमत पाहणाऱ्यागणिक वेगळी निघते. तेव्हा आत्मा म्हणजे ऊर्जा असं ज्याने मान्य केलं, त्याने गीतेतला आत्मा सोडून दिला. प्रवचनकारांना हे नको असणार याची मला खात्री आहे.

आईन्स्टाईनच्या समीकरणाचंही तेच. 1905 साली त्याने एक लहानसा, मोजक्या पानांचा शोधनिबंध लिहिला. वस्तूने प्रकाशरूपाने ऊर्जा बाहेर टाकली तर तिचं वस्तुमान तेवढ्या प्रमाणात घटतं, हा त्याचा निष्कर्ष. प्रमाण ठरतं प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने, म्हणून ते अफाट असतं. एक ग्रॅम वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत रूपांतरित झालं, तर सुमारे अडीच कोटी युनिट वीज होईल. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या दहा हजारांहून जास्त घरांना ती वर्षभर पुरेल. आमच्याकडे प्रबळगडाच्या अंगाने सकाळी सूर्य वर येतो, तो दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून जास्त वस्तुमान असं प्रकाशात घालवत असतो. गच्चीवरच्या सोलर हीटरमध्ये तापणारं पाणी त्याच खर्चावर तापतं.

याची उलट क्रियाही होते, आणि तिचा उलगडा करणाऱ्यांत एक मुंबईकर आहे. होमी भाभा केंब्रिजमध्ये असताना त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत 1937 साली विश्वकिरणांच्या वर्षावाचं गणित मांडलं. अवकाशातून आलेला प्रचंड ऊर्जेचा कण वातावरणावर आदळतो. त्यातून गॅमा किरण निघतात. गॅमा किरण एखाद्या अणुकेंद्रकाजवळून जाताना नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्माला येते. ते कण पुन्हा गॅमा किरण सोडतात, त्यातून पुन्हा जोड्या निघतात, आणि एका कणापासून लाखो कणांचा वर्षाव होतो. प्रकाशापासून पदार्थ तयार होतो तो असा, आपल्या डोक्यावर, या क्षणीही. हे कळल्यावर मन भरून येतं, आणि माझं मन वर्षानुवर्षं वर्गात शिकवूनही भरून येत राहिलं. पण यात जन्ममृत्यूच्या फेऱ्याचा पुरावा शोधायचा म्हटलं, तर तिथे तो नाही. इलेक्ट्रॉनला पूर्वस्मृती नसते. सगळे इलेक्ट्रॉन एकमेकांसारखे हुबेहूब असतात. हा अमुक आणि तो तमुक असं त्यांच्यात काही नसतंच. आपल्याला मात्र गेलेल्यांपैकी अमुक एकच माणूस हवं असतं.

ऊर्जा आणि पदार्थ यांच्याविषयी मराठी माणसाने केलेल्या सर्वांत धाडसी चिंतनाचं नाव आहे जयंत नारळीकर. 20 मे 2025 रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा त्यांच्या गोष्टींवर वाढलेली आमची पिढी हळहळली. पण त्यांच्या मूळ संशोधनाबद्दल आपल्या घराघरांत फारच कमी बोललं जातं. ते समजून घेतलं, तर धर्म आणि विज्ञान यांच्यातला आपला बराचसा गोंधळ दूर होईल असं मला वाटतं.

कोल्हापुरात 1938 साली जन्म, वडील गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या विदुषी, बनारसला शिक्षण आणि तिथून केंब्रिज. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते फ्रेड हॉईल. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं आणि तरीही नेहमी सरासरी सारखंच दिसतं, असा सिद्धान्त 1948 साली बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी मांडला होता. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात असूनही विश्व विरळ होत नसेल, तर रिकाम्या होणाऱ्या जागेत नवा पदार्थ जन्मत राहिला पाहिजे. फार नव्हे, एका घनमीटर जागेत अब्जावधी वर्षांत हायड्रोजनचा जेमतेम एखादा अणू. पण एवढासा अणू तरी येतो कुठून? ऊर्जेच्या नियमाचं काय? हा आक्षेप सगळ्यांनी घेतला.

हॉईल आणि नारळीकर यांनी या आक्षेपाला गणिताने उत्तर दिलं. निर्मिती घडवून आणणारं एक क्षेत्र त्यांनी कल्पिलं, त्याला 'सी-क्षेत्र' म्हटलं. या क्षेत्राची ऊर्जा ऋण असते. पदार्थाचा कण धन ऊर्जा घेऊन जन्मतो तेव्हा क्षेत्राची ऋण ऊर्जा तितकीच वाढते, आणि दोन्हींची बेरीज होती तशीच राहते. पदार्थ नवा, पण नियम अबाधित. महास्फोटाच्या सिद्धान्तावर नारळीकरांचा जन्मभर जो आक्षेप राहिला तोही इथूनच निघतो. एका क्षणी सगळा पदार्थ, सगळी ऊर्जा एकदम अवतरली असं म्हणायचं आणि त्या क्षणी समीकरणंच चालत नाहीत म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा नाही, हे त्यांना पटत नव्हतं. पदार्थ आला असेल तर तो कसा आला याचंही उत्तर भौतिकीच्या नियमांत बसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

मग 1965 साल आलं. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनाला आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. विश्व कधीकाळी अतिशय दाट आणि तप्त होतं याची ती खूण मानली गेली आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. त्याच वर्षी नारळीकरांना वयाच्या सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण मिळालं होतं. पुढे 1993 साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी आपल्या सिद्धान्ताला नवं रूप दिलं आणि त्या प्रारणाचंही वेगळं स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही. नारळीकर अल्पमतात राहिले. पण अल्पमतात राहूनही आपल्या सिद्धान्तातून कोणती निरीक्षणं अपेक्षित आहेत आणि काय दिसलं तर तो टिकणार नाही, ही चर्चा त्यांनी कधी टाळली नाही. पुण्यात त्यांनी उभ्या केलेल्या आयुका या संस्थेत महास्फोट मानणारे संशोधक त्यांच्याच शेजारच्या खोल्यांत बसून काम करत होते.

इथे मला थांबून एक गोष्ट दाखवायची आहे. नवा पदार्थ सतत जन्मतो असं म्हणणाऱ्या नारळीकरांना धर्माचा आधार घेणं किती सोपं होतं! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त हाताशी होतं, घरात संस्कृत होतं. सृष्टीला आदी नाही आणि अंत नाही ही कल्पना तर आपल्या परंपरेत मुरलेलीच आहे. पण आपला सिद्धान्त खरा ठरवण्यासाठी त्यांनी वेदांना साक्षीला बोलावलं नाही. वेदकाळापासून आधुनिक काळापर्यंतच्या भारतीय विज्ञानावर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्यात पूर्वजांनी खरोखर जे मिळवलं त्याचा मान राखला आणि पुराव्याशिवाय केलेल्या दाव्यांना नकार दिला. मला हा त्या सूक्ताचाही आदर वाटतो. कारण ते सूक्त उत्तर देतच नाही. सात ऋचांमध्ये ते प्रश्न खोल खोल नेतं आणि शेवटी म्हणतं, की वरून पाहणारा जो आहे त्याला हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. अशा सूक्ताला कुठल्याही सिद्धान्ताचा पुरावा करणं म्हणजे त्यातला प्रश्नच काढून घेणं.

ऊर्जेचा नियम तरी सर्वत्र आणि सर्वकाळ तसाच लागू आहे का? जर्मन गणिती एमी नोएथर यांनी 1918 साली दाखवलं, की निसर्गाचे नियम काल, आज आणि उद्या सारखेच असतात म्हणून ऊर्जा अक्षय्य राहते. एकूण विश्वाचा विचार केला तर त्या विश्वाची भूमितीच काळाबरोबर बदलते आहे. 1965 साली सापडलेलं ते प्रारण सुटलं तेव्हा विश्वाचं तापमान सुमारे 3,000 केल्विन होतं. आज त्या प्रारणाचं तापमान 2.7 केल्विन आहे. वाटेत त्याच्या लहरी सुमारे अकराशे पट ताणल्या गेल्या आणि प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा तितक्याच पटीने घटली. ती ऊर्जा गेली कुठे, याला शाळेतल्या नियमाच्या चौकटीत साधं उत्तर नाही. प्रसरण पावणाऱ्या संपूर्ण विश्वासाठी तो नियम त्या साध्या रूपात लावताच येत नाही, असं आजची भौतिकी सांगते. आता ज्यांनी आत्म्याचं अमरत्व या नियमाच्या खुंटीला बांधलं, त्यांनी काय करायचं? दूरच्या दीर्घिकांपाशी आत्मा थोडा थोडा झिजतो असं म्हणायचं?

कुणी म्हणतील, श्रोडिंगरसारखा मोठा शास्त्रज्ञ उपनिषदांवर प्रेम करत होता ना? होय, करत होता. पण 1944 साली त्याने जीवनावर लिहिलेलं छोटं पुस्तक पाहा. उपनिषदांचा आणि एकमेव चैतन्याचा विचार त्याने शेवटच्या टिपणात वेगळा काढून ठेवला आणि हे आपलं व्यक्तिगत तत्त्वचिंतन आहे असं तिथेच स्पष्ट सांगितलं. वेदान्त त्याला मनापासून प्रिय होता, आणि तरीही भौतिकीने तो सिद्ध झाला असं त्याने वाचकाला सांगितलं नाही. हे कुंपण त्याने स्वतः घातलं होतं. आपण ते मोडू नये.

आणि ज्यांच्या नावाने आपण वारीला जातो, त्या ज्ञानदेवांनी तर याहून पुढची वाट दाखवली आहे. 'अमृतानुभवा'च्या तिसऱ्या प्रकरणात, ज्ञान हेही बंधनच आहे असं सांगताना ते शिवसूत्राचा आणि गीतेचा उल्लेख करतात. पण लगेच म्हणतात, की शंकराने किंवा श्रीकृष्णाने सांगितलं म्हणून आम्ही हे मानतो असं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरीही हे असंच होतं. केवढा आत्मविश्वास आहे हा! ज्या अनुभवाला प्रत्यक्ष शिवाच्या आणि कृष्णाच्या वचनाचीही गरज वाटली नाही, त्याला आज आपण आईन्स्टाईनची शिफारस मिळवायला निघालो आहोत. हा अनुभव खरा असेल तर तो स्वतःच्या पायावर उभा आहे. खरा नसेल तर कुठलंही समीकरण त्याला उभं करणार नाही.

हे सगळं मी कोरडेपणाने लिहीत नाही. माझे वडील घरीच गेले. शेवटच्या घटकेला त्यांचा हात माझ्या हातात होता. बोटं आधी गार झाली, मग तळवा, मग मनगट. त्या वेळी डोक्यात आकडे आले नाहीत. ते पुष्कळ दिवसांनी आले. जिवंत माणूस नुसता बसून असला तरी साधारण 100 वॉट दराने उष्णता बाहेर टाकत असतो. ती भट्टी थांबते आणि शरीर आसपासच्या हवेइतकं होऊ लागतं. साठ किलोचं शरीर दहा अंशांनी निवताना सुमारे वीस लाख जूल उष्णता बाहेर पडते. विजेच्या मीटरवर ती अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त भरेल. ती खोलीतल्या हवेत गेली, भिंतीत गेली, अंथरुणात गेली, थोडी माझ्या तळव्यातही आली. एक जूलसुद्धा हरवला नाही. नियम तंतोतंत पाळला गेला. आणि माझे वडील मात्र नव्हते.

मला हवं असलेलं त्या वीस लाख जुलांत कुठेच नव्हतं. हरिपाठ म्हणताना ते टाळ किंचित उशिरा वाजवत, तो उशीर. ज्ञानेश्वरीच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेल्या त्यांच्या शंका. पावसाळ्यात गाढी नदी फुगली की नेरे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हटकून, जपून जा, असं सांगायची त्यांची सवय. ही सगळी घडण होती. फिजिक्सचा दुसरा एक नियम सांगतो, की अशी घडण आपोआप विस्कटत जाते आणि विस्कटलेलं आपोआप परत जुळत नाही. अमरत्वाचा दाखला मागायला फिजिक्सकडे गेलो, तर तिथे हाही नियम ऐकावा लागतो. पहिला नियम तेवढा घ्यायचा आणि दुसरा सोडून द्यायचा, हे प्रामाणिकपणाचं नाही.

तरीही फिजिक्सने मला दुःखात काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. नारळीकरांचे गुरू हॉईल यांनी 1953 साली भाकीत केलं, की कार्बनच्या अणुकेंद्रकाला एका ठरावीक ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांच्या पोटात कार्बन पुरेसा तयारच होणार नाही. प्रयोगशाळेत शोधलं तेव्हा ती पातळी सापडली. पुढे 1957 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जड मूलद्रव्यं ताऱ्यांमध्ये कशी घडतात याचा सविस्तर वृत्तान्त मांडला. वडिलांच्या हाडांमधला कॅल्शिअम, रक्तातलं लोह, श्वासातला ऑक्सिजन हे सूर्याच्याही जन्माआधी कुठल्या तरी ताऱ्यांत घडलं होतं, आणि सूर्य स्वतः सुमारे 460 कोटी वर्षांचा आहे. काही काळ ते सारं एका माणसाच्या रूपात एकत्र आलं, त्याने मला वाढवलं, आणि ते पुन्हा गाढीच्या पाण्यात आणि मातीत गेलं. याने वडील अमर ठरत नाहीत. पण ते एकदा होते ही गोष्ट किती दुर्मीळ होती, हे त्यातून कळतं, आणि माझ्यात कृतज्ञता येते.

त्यापुढचा प्रश्न, म्हणजे ते आता कुठे आहेत आणि आहेत का, हा खरा अध्यात्माचा प्रश्न आहे. तो मी भजनात, वाचनात, मौनात विचारते. त्याचं उत्तर कॅलरीमीटरमध्ये निघणार नाही, आणि त्यात माझ्या मते काही उणेपण नाही. माणसाने काही प्रश्न मोजून सोडवावेत आणि काही प्रश्न घेऊन जगावं. दोन्ही करायला सारखंच धैर्य लागतं.

म्हणून माझी प्रवचनकारांना हात जोडून विनंती आहे. आत्म्याबद्दल बोला, अधिकाराने बोला, आम्ही ऐकायला बसलो आहोत. पण समोर बसलेल्या शाळकरी मुलांना ऊर्जेचा नियम म्हणजे आत्म्याचा पुरावा असं सांगू नका. ती पुढे अकरावीत येतात, नियम खरोखर शिकतात, आणि दाखला खोटा निघाला म्हणून ज्ञानेश्वरीसुद्धा बाजूला ठेवतात. अशी मुलं मी वर्गात पाहिली आहेत. आणि घरच्या मंडळींना सांगणं एवढंच, की मुलांच्या हाती नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' द्या आणि ज्ञानेश्वरीही द्या. एकाची खात्री दुसऱ्याकडून करून घेऊ नका. दोन्ही पुरेशी समर्थ आहेत.